ख्रिस्ती साधनेतील पापांगीकार आणि प्रार्थना

मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचताना एक अडचण हमखास येते आणि ती अवघड शब्दांची नसते. अडचण ओळखीच्या शब्दांची असते. पाप, पश्चात्ताप, क्षमा, प्रार्थना हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो असल्यामुळे त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे आपण गृहीत धरतो आणि वाचत पुढे जातो. परंतु फादर स्टीफन्स, पंडिता रमाबाई किंवा रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या लेखनात हेच शब्द एका वेगळ्या साधनापरंपरेचा भार वाहत असतात. त्या परंपरेत पापांगीकार आणि प्रार्थना या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. त्या सुट्या केल्या की काय होते, हेही आपल्याला पाहायचे आहे. हा घटक वाचण्यासाठी तुम्ही ख्रिस्ती असण्याची किंवा श्रद्धाळू असण्याचीही आवश्यकता नाही. एखादी परंपरा आतून कशी दिसते, हे समजून घेण्याची तयारी मात्र हवी.

१. शब्दांपासून सुरुवात

मराठी बायबलमध्ये पापाच्या संदर्भात ‘पदरी घेणे’ असा शब्दप्रयोग आढळतो. भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही येथे क्षणभर थांबावे. आपल्याकडे ‘पदरी पडणे’ हा प्रयोग अधिक परिचित आहे. अपयश पदरी पडते, निराशा पदरी पडते. पदरी पडले की ते पवित्र मानून घ्यावे, असेही आपण म्हणतो. तेथे माणूस केवळ सोसणारा असतो. ‘पदरी घेणे’ ही मात्र जाणूनबुजून केलेली कृती आहे. जे आपण दुसऱ्याच्या, परिस्थितीच्या किंवा नशिबाच्या पदरात टाकून मोकळे झालो होतो, ते उचलून आपल्या पदरात घ्यायचे. पापांगीकार या संकल्पनेचे इतके नेमके मराठीकरण दुसऱ्या कोणत्या शब्दाने साधले असते, असे मला वाटत नाही.

‘पश्चात्ताप’ या शब्दाची गोष्ट थोडी निराळी आहे. पश्चात् म्हणजे नंतर आणि ताप म्हणजे होरपळ. कृत्य घडून गेल्यावर मनाला लागणारी आच या शब्दात उत्तम उतरते. पण नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतील शब्द आहे ‘मेटॅनोइआ’, आणि त्याचा अर्थ बुद्धीचा, मनोवृत्तीचा पालट असा होतो. जुन्या करारातील हिब्रू क्रियापद ‘शूव’ तर सरळ मागे फिरण्याचे, परतण्याचे क्रियापद आहे. म्हणजे मूळ कल्पनेत होरपळीपेक्षा दिशाबदल महत्त्वाचा आहे. माणूस कितीही होरपळला आणि त्याच वाटेने चालत राहिला, तर ख्रिस्ती दृष्टीने तो पश्चात्ताप नव्हे.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची कथा तुम्हांला ठाऊक असेल. वाटणी मागून घेऊन परदेशी गेलेला, सारे उधळून डुकरे चारण्याची पाळी आलेला हा मुलगा शुद्धीवर येतो तेव्हा बापाला काय सांगायचे, याची मनाशी तयारी करतो. मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला एखाद्या मजुरासारखे ठेवा, असे ते भाषण आहे. कथेतील बारकावा असा की घरी पोहोचल्यावर त्याला ते भाषण पुरे करता येत नाही. बाप दुरूनच धावत येऊन गळ्यात पडलेला असतो आणि मजुरीची गोष्ट तोंडातून निघण्याआधीच तो झगा, अंगठी आणि पायतण आणण्याची आज्ञा करतो. पापांगीकार हा क्षमा मिळविण्यासाठी भरावा लागणारा दाम नाही, हे ख्रिस्ती मत या अपुऱ्या राहिलेल्या वाक्यात आहे.

आणखी एक शब्द आपली दिशाभूल करतो, तो म्हणजे ‘कबुलीजबाब’. वृत्तपत्रांत तो आरोपीच्या संदर्भात येतो. तेथे कबुलीने तपास करणाऱ्याला नवी माहिती मिळते आणि त्या माहितीतून पुढे शिक्षा होते. साधनेतील कबुली याच्या अगदी उलट आहे. ज्याच्यापुढे ती द्यायची त्याला सगळे आधीच ठाऊक आहे, अशी भक्ताची श्रद्धा असते. मग ती द्यायची तरी कशाला? अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात हा प्रश्न कोणीतरी विचारतेच, आणि प्रश्न रास्त आहे. सोळाशे वर्षांपूर्वी एका माणसाने तो स्वतःलाच विचारला होता.

२. ऑगस्टिनची नासपती आणि सरडा

ऑगस्टिनचा जन्म इसवी सन ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते येथे झाला. हे गाव आजच्या अल्जीरियात येते. वक्तृत्वशास्त्राचा हा बुद्धिमान शिक्षक अनेक मतांमधून भटकत अखेर ३८६ मध्ये मिलान येथे परिवर्तन पावला. पुढच्या वर्षी ईस्टरच्या वेळी बिशप अँब्रोज यांच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला आणि नंतर तो हिप्पो या नगराचा बिशप झाला. इसवी सन ३९७ च्या सुमारास त्याने ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. ग्रंथाचे तेरा भाग आहेत आणि ते सारेच्या सारे देवाला उद्देशून आहेत. वाचक जणू दाराआडून ऐकत असतो. पाश्चात्त्य आत्मचरित्राचा आरंभ म्हणून ज्या ग्रंथाचा उल्लेख होतो, तो स्वरूपाने एक दीर्घ प्रार्थना आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लॅटिनमधील ‘कन्फेसिओ’ या शब्दात दोष मान्य करणे आणि स्तुती करणे हे दोन्ही अर्थ आहेत. शिवाय साक्ष देण्याचाही अर्थ आहे. ऑगस्टिन हे सारे अर्थ एकत्र वापरतो. देवाला माहिती पुरविण्यासाठी आपण बोलत नाही, तर स्वतः त्याच्यापासून लपणे थांबविण्यासाठी बोलतो, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. देवाला मी दिसतोच. प्रश्न एवढाच, की मी मला दिसायला तयार आहे काय?

दुसऱ्या भागातील नासपतीच्या चोरीचा प्रसंग या दृष्टीने वाचावा. सोळा वर्षांचा ऑगस्टिन मित्रांच्या टोळक्याबरोबर रात्री शेजारच्या झाडाची फळे पाडतो. फळे दिसायला चांगली नव्हती, चवीलाही नव्हती. याहून उत्तम नासपती त्याच्याजवळ होत्या. बहुतेक फळे डुकरांपुढे फेकून दिली गेली. परसातल्या कैऱ्या लहानपणी कोणी पाडल्या नाहीत? म्हणून अनेक वाचकांना या क्षुल्लक गोष्टीवर त्याने इतकी पाने खर्च करावीत याचे नवल वाटते. परंतु प्रसंग क्षुल्लक आहे म्हणूनच त्याने तो निवडला आहे. भूक, गरज, सूड, लोभ यांपैकी एकही सबब येथे लागू पडत नाही. सबबी एकेक करून गळून पडल्यावर उरते ते काय, हे त्याला पाहायचे आहे. निषिद्ध होते म्हणून हवेसे वाटले, आणि एकटा असतो तर केले नसते, इतकेच त्याच्या हाती लागते. ही दुसरी कबुली मला अधिक महत्त्वाची वाटते. टोळक्यात ‘चल’ म्हटल्यावर मागे राहण्याची लाज वाटते, हे ज्याला उमगले त्याला पापाच्या सामाजिक अंगाचे ज्ञान झाले असे म्हणता येईल.

आता प्रार्थनेकडे या. आठव्या भागात ऑगस्टिन कबूल करतो, की तारुण्यात तो देवाकडे संयम मागत असे, पण ती मागणी इतक्यात मान्य होऊ नये अशी त्याची आतून इच्छा असे. येथे त्याची प्रार्थनाच पापांगीकाराचा विषय झाली आहे. ओठ एक मागतात, मन दुसरे मागते. प्रार्थना करणारा माणूस प्रार्थनेतही लबाडी करू शकतो, हे जे साधक ओळखत नाहीत त्यांची साधना वर्षानुवर्षे जागच्या जागी राहते. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी आणि जकातदार यांचा दृष्टान्त नेमका याच विषयी आहे. परूशी खोटे बोलत नाही. तो उपास करतो, दशांश देतो, हे सारे खरे आहे. परंतु त्याच्या प्रार्थनेत मागणे नाही, केवळ शेजारच्या माणसाशी स्वतःची तुलना आहे. दूर उभा राहून छाती पिटणारा जकातदार दयेची याचना करतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो हा दुसरा.

‘कन्फेशन्स’चा दहावा भाग विद्यार्थी सहसा वगळतात, कारण त्यात कथानक नाही. तुम्ही तो वगळू नये. पूर्वी मी कसा होतो हे सांगणे सोपे असते, कारण ‘तो मी’ आता उरलेला नसतो. दहाव्या भागात मात्र बिशप झालेला, लोकांच्या आदरास पात्र ठरलेला ऑगस्टिन आज मी कसा आहे हे सांगतो. जेवताना गरज कोठे संपते आणि चैन कोठे सुरू होते ते आपल्याला कळत नाही, असे तो म्हणतो. उपासनेतील गायनात शब्दांपेक्षा सुरांनीच आपण अधिक हेलावतो, याचा त्याला संकोच वाटतो. शेतातून जाताना सशामागे धावणारा कुत्रा दिसला की चिंतन बाजूला राहते. घरी बसले असता माश्या पकडणारा सरडा किंवा जाळे विणणारा कोळी लक्ष वेधून घेतो. लोकांनी केलेली स्तुती आवडते, आणि स्तुतीचा तिटकारा दाखविण्यातही पुन्हा अहंकारच डोकावतो, असे तो नोंदवितो. आध्यात्मिक वाढीची त्याची कल्पना येथे दिसते. साधक पुढे गेला म्हणजे दोष संपले असे होत नाही. पूर्वी न दिसणारे दोष त्याला दिसू लागतात.

एका ठिकाणी मात्र ऑगस्टिनचा हात आखडलेला आहे, आणि ते सांगितले पाहिजे. अनेक वर्षे त्याच्याबरोबर राहिलेल्या, त्याच्या मुलाची आई असलेल्या स्त्रीला, त्याचा विवाह दुसरीकडे ठरल्यावर, आफ्रिकेला परत पाठविण्यात आले. तिच्या वियोगाने आपले काळीज कसे रक्तबंबाळ झाले ते तो लिहितो. तिचे काय झाले हे लिहीत नाही. तिचे नावही देत नाही. देवापुढे केलेली कबुली, जिचा अपराध घडला त्या माणसाला वगळून पूर्ण होते काय? शुभवर्तमान याबाबत ऑगस्टिनपेक्षा कडक आहे. वेदीशी अर्पण घेऊन आल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे याची आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, अशी मत्तयाच्या पाचव्या अध्यायात शिकवण आहे. जक्कय नावाचा जकातदार येशूला घरी घेतो तेव्हा नुसते अश्रू ढाळत नाही. फसवून घेतलेले चौपट परत करीन, असा आकडाच सांगतो.

३. चर्चमधील प्रथा

प्रथेचा इतिहास थोडक्यात पाहू. आरंभीच्या शतकांत गंभीर पापासाठी प्रायश्चित्त मंडळीसमोर उघडपणे आणि सामान्यतः आयुष्यात एकदाच घेता येत असे. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासीयांमुळे धर्मगुरूजवळ खासगीत आणि पुनःपुन्हा पापनिवेदन करण्याची रीत पसरली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम केला. ऐकलेले गुप्त राखण्याचे धर्मगुरूवरील बंधन अत्यंत कडक आहे आणि ते मोडण्याचा अधिकार त्याला कोणत्याही कारणासाठी नाही. कॅथलिक परंपरेत या संस्काराची पापाविषयी दुःख, निवेदन आणि परिमार्जन ही तीन अंगे साधकाकडून अपेक्षित आहेत, आणि त्यावर धर्मगुरू पापमुक्तीचे वचन उच्चारतो. गोव्याच्या कोकणीत या संस्काराला ‘कुमसार’ म्हणतात. पोर्तुगीज शब्दाचे हे कोकणी रूप शब्दसंकराचे उदाहरण म्हणून टिपून ठेवावे.

प्रॉटेस्टंट पंथांनी धर्मगुरूच्या मध्यस्थीची अट काढून टाकली. देवाजवळ थेट निवेदन आणि उपासनेत सर्वांनी मिळून म्हणावयाची पापांगीकाराची प्रार्थना, हे त्यांचे मुख्य मार्ग झाले. तथापि मार्टिन ल्यूथर खासगी पापनिवेदनाच्या विरोधात होता हा समज चुकीचा आहे. सक्ती त्याला नको होती, प्रथा हवी होती. विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहॉफर याने १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोट्या पुस्तकात एका ख्रिस्ती बांधवाने दुसऱ्याजवळ पाप सांगण्याची गरज पुन्हा आग्रहाने मांडली. एकान्तात देवाजवळ कबुली देताना पुष्कळदा आपण स्वतःशीच बोलत असतो आणि स्वतःच स्वतःला क्षमा करून टाकतो, ही त्याची शंका विचार करण्याजोगी आहे.

४. प्रार्थनेवाचून पापांगीकार

लबाड प्रार्थना आपण पाहिली. आता उलट बाजू. प्रार्थनेपासून तुटलेला पापांगीकार माणसाला कोठे नेतो? मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदा इस्कर्योत आपण निर्दोष माणसाला धरून दिल्याचे स्पष्ट शब्दांत मान्य करतो. चांदीची तीस नाणीही परत करतो. दुःख, निवेदन, परिमार्जन, सारे काही आहे. परंतु त्याने ते सांगितले मुख्य याजकांना, ज्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. तुझे तू पाहून घे, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले आणि त्याने गळफास घेतला. त्याच रात्री पेत्रानेही कोळशांच्या विस्तवाशी शेकत असता येशूला तीनदा नाकारले होते आणि तो बाहेर जाऊन रडला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी सरोवराच्या काठी पुन्हा तसाच कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, आणि पुनरुत्थित येशू त्याला तीनदा विचारतो, की तू माझ्यावर प्रीती करतोस काय. अपराधाची यादी येशू मागत नाही. पेत्राचे नाकारणे त्या तीन प्रश्नांतून त्याच्यापुढे येते, पण संवादाच्या रूपाने येते. दोघांच्या अपराधांत फार अंतर नव्हते, असे म्हटले तर ते धाडसाचे होईल, पण विचारात घ्या. अंतर होते ते कबुली कोणाकडे नेली यात.

शंकाकुलतेचा रोगही येथेच जडतो. सेंट इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधील मान्रेसा येथे राहिला असता, सांगितलेली पापे नीट सांगितली की नाही या विचाराने इतका पछाडला, की जीव द्यावा असे त्याच्या मनात येऊ लागले. मठात असताना ल्यूथरचीही अवस्था फारशी वेगळी नव्हती. पुढे इग्नेशियसने दैनंदिन आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिचा क्रम या अनुभवाच्या प्रकाशात पाहावा. ती दोषांच्या मोजदादीने सुरू होत नाही. आधी मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार, मग स्वतःला ओळखण्यासाठी प्रकाशाची मागणी, आणि त्यानंतर दिवसाचा धांडोळा. क्षमायाचना व उद्याचा निश्चय शेवटी येतात. पापांगीकार प्रार्थनेच्या मध्ये बसविलेला आहे, दोन्ही बाजूंनी आधार देऊन.

५. केडगावची साक्ष

हा सारा विचार मराठी मुलखात कसा जगला गेला याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात, की त्यानंतरही सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. शास्त्रार्थात पंडितांना निरुत्तर करणारी, विधवांसाठी शारदा सदन उभारणारी, सर्वत्र गौरविलेली ही स्त्री आपल्या पुण्याईवर आपला भरवसा होता हे पदरी घेते. चोरी-चहाडीची कबुली देणे त्यापेक्षा सोपे असावे.

या लेखनाला त्यांनी ‘साक्ष’ म्हटले, हेही ध्यानात घ्या. लॅटिन शब्दातील तिसरा अर्थ येथे परत आला आहे. साक्षीत बोलणाऱ्यापेक्षा जे पाहिले ते मोठे असते. आपल्याकडील नवविधा भक्तीतील ‘आत्मनिवेदना’शी मात्र याची गल्लत करू नये. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकातील आत्मनिवेदन म्हणजे दोष सांगणे नव्हे, तर ‘मी कोण’ याचा शोध घेऊन मीपण अर्पण करणे होय. त्यापेक्षा जवळचे नाते तुकोबांच्या, स्वतःला पतित म्हणून देवाशी भांडणाऱ्या अभंगांशी आहे. टिळकांना तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाता आले, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

१९०५ च्या आरंभी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेला जमण्याचे आवाहन केले. सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. त्या महिन्याच्या अखेरीस तेथे जो भावावेग उसळला, त्यात दुष्काळातून आणि घरांतून टाकल्या गेलेल्या मुली मोठ्याने रडत आपली पापे सांगू लागल्या, शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. हा गोंगाट आणि आवेग अनेक बाहेरच्यांना रुचला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसाने आपले दुःख आणि आनंद परकीय शिष्टाचारात कोंबून का व्यक्त करावा, असा त्यांचा रोख होता. समूहाच्या दबावाखाली दिलेली कबुली कितपत मोकळी असते, ही शंका येथे घेता येईल आणि घ्यावीही. पण जिला बोलण्याची मुभा कोणीच दिली नव्हती, अशा बालविधवेला ‘मी’ हा शब्द प्रथमच मोठ्याने उच्चारता आला तो या सभांत, हेही विसरू नये.

आयुष्याची उरलेली वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ते भाषांतर १९२४ मध्ये मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले.

स्वाध्याय : लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील, लेखिकेने स्वतःची चूक किंवा फजिती सांगितलेला एखादा प्रसंग निवडा आणि तो ऑगस्टिनच्या नासपतीच्या प्रसंगाशेजारी ठेवून वाचा. लक्ष्मीबाई कोणाशी बोलत आहेत? त्यांचा विनोद दोष झाकतो की उघडा करतो? उत्तर दोनशे शब्दांत लिहा.